सुईत दोरा जाईना : दोन औषधं आणि लघवीची एक तपासणी

तिला पहिली शंका आली ती सुईमुळे. वीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई. दोरा ओवताना कधी सुईकडे नीट पाहावंही लागलं नव्हतं, आणि आता सुईचं नाकच जागेवर राहत नव्हतं. दोन दिवस तिने चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने ब्लाउज परत आणला, पाठीवरची टीप सापासारखी गेली होती. चौथ्या दिवशी मोरीच्या उंबऱ्याशी तिचा तोल गेला आणि कोपराला खोक पडली.

ही रुग्णा ३८ वर्षांची, इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतली. घरात नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी औषधशास्त्र शिकवते. वॉर्डात माझं काम एवढंच, की एखाद्या औषधाने अंगात विचित्र खेळ मांडला की मला बोलावतात. या प्रकरणात मला बोलावलं गेलं उशिरा. खरं तर आठवडाभर आधी बोलावता आलं असतं, पण तोवर कोणाच्याच डोक्यात औषधाचा विचार नव्हता.

आधीची गोष्ट अशी. सासूबाईंना फुप्फुसाचा क्षय निघाला, थुंकीत जंतू सापडले. देशाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना, त्यांना स्वतःला क्षय नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध दिलं जातं. घरातल्या तिघांचे छातीचे एक्स-रे झाले, लक्षणं विचारली गेली, आणि तिघांनाही सहा महिन्यांचा आयसोनियाझिडचा कोर्स सुरू झाला. मोठ्यांना रोज ३०० मिलिग्रॅम, मुलाला वजनाप्रमाणे, सोबत बी-६ ची गोळी. हे चांगलं काम आहे आणि आरोग्यसेविकेने ते मनापासून केलं होतं. तिने विचारलंही होतं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" पण विचारलं ते बाहेरच्या खोलीत, सासूबाई शेजारच्या दिवाणावर बसलेल्या असताना. रुग्णेने मान हलवली, नाही म्हणून.

गोळी चालू होती. एकोणिसाव्या वर्षापासून तिला फिट येत असत आणि फेनिटॉइन चालू होतं, रोज रात्री ३००. गेली अकरा वर्षं एकही झटका नव्हता. लग्न ठरताना तिच्या आईने नवऱ्या मुलाला खरं सांगितलं, सासरच्या इतरांना नाही. गोळ्यांची पट्टी ती बटणांच्या डब्यात तळाला ठेवते. आपल्या घरांतून आकडीबद्दल अजून कशा प्रकारे बोललं जातं हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही, आणि मी तिला यासाठी कधीही दोष देणार नाही.

आयसोनियाझिड सुरू झाल्यावर साधारण बाराव्या दिवशी चक्कर, अठराव्या दिवशी सुई, एकविसाव्या दिवशी पडणं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चक्करच्या गोळ्या दिल्या. शेजारणीने अशक्तपणा म्हटलं. चोविसाव्या दिवशी ती दुपारभर झोपून राहिली, उठवलं तर शब्द जड येत होते. तेव्हा नवऱ्याने रिक्षा केली.

रुग्णालयात घरात क्षय आहे हे कळताच सगळ्यांचं लक्ष एकाच दिशेला गेलं: मेंदूच्या आवरणाचा क्षय तर नाही? शंका रास्त होती. मी तिथे असते तर मलाही तीच आली असती. सीटी स्कॅन झाला, काही निघालं नाही. ताप नव्हता, मान आखडलेली नव्हती. पाठीतून पाणी काढायची तयारी चालू असताना एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने जीभ बघायला तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी तशीच धरून थांबली. हिरड्या दातांवर चढलेल्या, फुगीर, गुलाबी. वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या अशा होतात. तिने खाली वाकून हळूच विचारलं, "ताई, फिटच्या गोळ्या चालू आहेत का?" रुग्णा काही बोलली नाही. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याने मान डोलावली.

त्या मुलीचं मला फार कौतुक वाटतं. एवढ्या यंत्रांच्या गराड्यात तिने हिरड्या पाहिल्या.

रक्तातली फेनिटॉइनची पातळी आली ३८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. १० ते २० मध्ये ती असायला हवी. २० च्या वर गेली की डोळे कडेला नेल्यावर थरथरतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या आसपास सुस्ती आणि गोंधळ. पुस्तकातली ही पायरी तिच्यात ओळीने उतरली होती. सुईचं नाक हलत नव्हतं, तिचे डोळे हलत होते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ठीक होतं, यकृताच्या तपासण्याही. दोन वर्षांपूर्वीचा एक कागद नवऱ्याने घरून आणला, त्यात ३०० च्याच डोसवर पातळी १३ होती.

आता प्रश्न: तेरावरून अडतीस कशी?

माझ्या मते उत्तर समोर होतं, पण नवऱ्याकडे दुसरं उत्तर होतं आणि तेही टाकाऊ नव्हतं. त्याच महिन्यात नेहमीच्या कंपनीची पट्टी मिळाली नाही म्हणून मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली होती. "मॅडम, गोळीच बदलली ना. तिथूनच सुरू झालं हे सगळं." फेनिटॉइनच्या बाबतीत कंपनी बदलली की पातळी हलू शकते हे खरं आहे. तिसरी शक्यता, चुकून दोनदा घेतली गेली. घाईत, लपवून, अंधारात घेतली जाणारी गोळी दोनदा घेतली जाणं काही अवघड नाही. म्हणजे संशयित तीन: नवी कंपनी, दुहेरी डोस आणि आयसोनियाझिड.

आयसोनियाझिडवर माझा संशय का, ते जरा सविस्तर सांगते, कारण प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

फेनिटॉइनला यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मोडतात, आणि त्या विकरांचं काम ठरावीक वेगापलीकडे जात नाही. माल कमी असेल तर सगळा निपटतो, थोडा जास्त झाला की साचू लागतो, आणि साचू लागला की भराभर साचतो. नंतर बरी झाल्यावर तिला हे समजावत होते तर तिनेच वाक्य पुरं केलं: "म्हणजे दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे ब्लाउज साठतात तसं. दिवसाला चार होतात माझ्याने. पाच आले तर एक राहतो, रोज एक राहतो." अगदी तसंच. आता आयसोनियाझिड काय करतं, तर याच विकरांपैकी काहींना, विशेषतः सीवायपी २सी१९ नावाच्या विकराला, अडवून ठेवतं. चार ब्लाउजांचे तीन होतात. क्षयाच्या पूर्ण उपचारात सोबत रिफॅम्पिसिन असतं, ते उलट विकरं वाढवतं, त्यामुळे हा त्रास बराचसा झाकला जातो. तिच्या प्रतिबंधक कोर्समध्ये आयसोनियाझिड एकटंच होतं. झाकणारं कोणी नाही.

पण फेनिटॉइन आणि आयसोनियाझिड एकत्र घेणाऱ्या सगळ्यांना असा त्रास होत नाही. हे गूढ १९६० नंतरच्या दशकात उकललं: त्रास व्हायचा तो मुख्यतः त्यांना, ज्यांचं शरीर आयसोनियाझिड सावकाश निकामी करतं. आयसोनियाझिडवर यकृतात एनएटी२ नावाचं विकर अणूंचा एक छोटासा जोड, म्हणजे अ‍ॅसिटिल गट चढवतं. ज्यांचं हे विकर चपळ, त्यांच्या रक्तात आयसोनियाझिड तास-दीड तासात निम्मं होतं. ज्यांचं मंद, त्यांना तीन तास किंवा त्याहून जास्त लागतात. मंदपणा वारशाने येतो, आईकडून एक मंद जनुक आणि वडिलांकडून एक, अशी दोन्ही मंद मिळाली तर. जपानमध्ये असे लोक दहात जेमतेम एक. आपल्याकडे निम्म्याहून जास्त. निम्म्याहून जास्त माणसांत जी गोष्ट असते तिला अपवाद म्हणता येत नाही. तरीही औषध देताना आपण ती विचारात घेत नाही.

ही ओळख पटवायला लघवीइतकं सोयीचं साधन नाही, आणि भारतात हे काम जुनं आहे. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात, १९५६ साली सुरू झालेल्या, यावर वर्षानुवर्षं काम झालं. तिथल्या लोकांनी सल्फाडिमिडीन नावाचं सल्फा औषध एकदा देऊन लघवीवरून माणूस मंद की जलद हे ठरवायची तपासणी बसवली आणि १९७० साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. त्यांना ती हवी होती वेगळ्याच कारणासाठी: आठवड्यातून एकदाच औषध द्यायच्या पद्धतीत जलद लोकांचा आजार नीट बरा होत नव्हता. माझ्या शिक्षकांनी आम्हाला ही तपासणी विद्यार्थिदशेत करून दाखवली होती. एकाच लघवीचे दोन भाग करायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा आम्ल घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे चढलेला अ‍ॅसिटिल गट गळून पडतो. मग दोन्हींत रंग आणणारी रसायनं घालायची. अ‍ॅसिटिल गट चढलेलं औषध रंग देत नाही, सुटं असलेलं देतं. उकळलेली नळी जांभळट गुलाबी, न उकळलेली तिच्याहून फिकी. दोन नळ्यांच्या रंगात जितका फरक, तितका माणूस जलद. मंद माणसाच्या नळ्या शेजारी धरल्या तर फरक कमी दिसतो. त्या दिवशी आमच्या वर्गातल्या सव्वीस जणांच्या नळ्या लाकडी रॅकवर ओळीने लावल्या होत्या आणि माझी मंदांत होती. माणसाच्या शरीराची एक सवय अशी काचेच्या नळीत रंग होऊन समोर उभी राहते हे मी कधी विसरले नाही. मी औषधशास्त्राकडे वळले त्याचं ते एक कारण.

सल्फाडिमिडीन आता सहज मिळत नाही. मिळालं असतं तरी नुकत्याच विषबाधेतून उठलेल्या बाईला आणखी एक औषध द्यायला मी धजले नसते. त्याऐवजी कॉफी आहे.

हसू नका. कॅफीन हे औषधच आहे आणि शरीर ते औषधासारखंच मोडतं. आधी त्याचा एक मिथाइल गट गळून पॅराझँथिन बनतं. पुढे वाटेला फाटा फुटतो. एका बाजूला एनएटी२ अ‍ॅसिटिल गट चढवून एएफएमयू नावाचा पदार्थ तयार करतं, दुसऱ्या बाजूला १-मिथाइलझँथिन बनतं. दोन्ही लघवीत उतरतात. एनएटी२ चपळ असेल तर पहिल्या वाटेने जास्त माल जातो, मंद असेल तर दुसऱ्या. दोन पदार्थांचं गुणोत्तर काढलं की झालं. गुणोत्तर असल्यामुळे चोवीस तासांची लघवी गोळा करायची गरज नाही, पाणी जास्त प्यायलं की कमी याचीही फारशी काळजी नाही. ज्याने कधी रुग्णाला पाच लिटरचा कॅन देऊन दिवसभराची लघवी जमवायला सांगितली आहे त्याला या सोयीची किंमत कळेल.

पहिली गरज होती ती तिला बरं करण्याची. आयसोनियाझिड थांबवलं, फेनिटॉइनही थांबवलं, मधल्या काळात झटका येऊ नये म्हणून क्लोबाझॅमचा आधार दिला. चौथ्या दिवशी पातळी ३१, सातव्या दिवशी २२, नवव्या दिवशी १५. अडतीसवरून एकतीसवर यायला चार दिवस आणि बावीसवरून पंधरावर यायला दोनच: आयसोनियाझिडची अडवणूक सुटत गेली तशी विकरं पुन्हा वेग धरत गेली असावीत. नवव्या दिवशी तिने माझ्यासमोर सुई ओवली. दुसऱ्या प्रयत्नात. फेनिटॉइन नव्या कंपनीचंच, ३०० वर पुन्हा सुरू केलं. कंपनी मुद्दाम बदलली नाही.

कॉफीची तपासणी त्यानंतर दहा दिवसांनी ठरवली, आयसोनियाझिड अंगातून पूर्ण गेल्यावर. ते स्वतः एनएटी२ ला गुंतवून ठेवतं, त्यामुळे ते अंगात असताना केलेली तपासणी उगीचच मंद दाखवेल. गाऊटच्या अ‍ॅलोप्युरिनॉलसारखं औषध नाही ना, हेही विचारून घेतलं, कारण ते १-मिथाइलझँथिनच्या पुढच्या वाटेत ढवळाढवळ करतं. या वेळी विचारलं ते एकटीला, दार लावून.

आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. इंदूरच्या मराठी घरात हे सांगायला सोपं आहे. सकाळी पोहे आणि चहा, चारला चहा, कोणी आलं की चहा. सासूबाई म्हणाल्या, "घोटभर घेतलास तर काय होऊन राहिलं?" तिने घेतला नाही. सकाळी रिकाम्या पोटी मोजून इन्स्टंट कॉफी प्यायली, लघवी करून टाकली, आणि चार ते पाच तासांच्या दरम्यानची लघवी आम्ही दिलेल्या बाटलीत घेतली. बाटलीत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. एएफएमयू नाजूक असतं, आम्लात टिकतं, नाहीतर काही तासांत त्याचं दुसरंच काही होतं आणि माणूस आहे त्याहून मंद दिसतो. अशा लहान गोष्टींवर सगळी तपासणी उभी असते किंवा पडते. ती बाटली तिने ब्लाउजपीसच्या चिंध्यांत गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून, सिटी बसने आणली. मला डबा देताना तिला इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की मी तो दोन्ही हातांनी घेतला.

शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र आहे, तिथे नमुना चालवला. पडद्यावर १-मिथाइलझँथिनचं शिखर उंच, सरळ, आणि त्याच्या आधी एएफएमयूचं एवढंसं टेंगूळ. गुणोत्तर ०.२ च्या आसपास. मंद आणि जलद यांच्यातली रेघ प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या पद्धतीप्रमाणे आखते, पण ती साधारण अर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे येते. ती निःसंशय मंद होती.

याने काय सिद्ध झालं? एकट्याने, थोडंच. निम्म्याहून जास्त लोक मंद असतात, म्हणजे नवऱ्याचा सिद्धांत खरा असता तरी ती मंद निघण्याची शक्यता भरपूर होती. उलट ती जलद निघाली असती तर मात्र मला आयसोनियाझिड सोडून दुसरीकडे पाहावं लागलं असतं. तपासणीने एक संशयित पक्का केला नाही, पण त्याला सुटूही दिलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना हे पटायला वेळ लागला. त्यांना अहवालात "हेच कारण" असं लिहून हवं होतं.

तपासणीचा खरा उपयोग पुढे होता. प्रतिबंधक कोर्स अर्धवट राहिला होता, सासूबाई अजून उपचारावर होत्या, घर दोन खोल्यांचं. कोर्स पुरा व्हायला हवा होता. मज्जाविकारतज्ज्ञांनी सुचवलं, फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरॅसिटॅम द्यावं, ते या विकरांच्या वाटेला जातच नाही, बहुतेक लघवीवाटे निघून जातं. मी त्यांच्या बाजूची होते. रुग्णा ऐकेना. "अकरा वर्षं या गोळीने मला एकदाही पाडलं नाही, मॅडम. नवीन गोळीवर एक जरी झटका आला ना, तो घरात सगळ्यांसमोर येईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मला वाटतं तिचं बरोबर होतं. औषध बदलताना झटक्याचा धोका असतोच, आणि त्या झटक्याची जी किंमत तिला मोजावी लागली असती ती आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती.

मग लघवीच्या त्या गुणोत्तरावर भिस्त ठेवून पुढचं आखलं. ती मंद आहे, म्हणजे आयसोनियाझिड पुन्हा सुरू होताच फेनिटॉइन पुन्हा चढणार, आणि कोर्स चालू असेपर्यंत चढलेलं राहणार. वाट बघून कमी करण्याऐवजी आधीच कमी करायचं. फेनिटॉइन २०० वर आणलं आणि आयसोनियाझिड सुरू केलं. कंपनी तीच, नवी. दोन आठवड्यांनी पातळी १७. चार आठवड्यांनी १९, आणि डोळे अगदी कडेला नेल्यावर बारीकशी थरथर. एक दिवस २०० आणि एक दिवस १५० असं केलं, ती १६ वर स्थिरावली.

हे आकडे शेजारी ठेवले आणि नवऱ्याच्या शंकेचंही उत्तर मिळालं. त्याच गोळीच्या ३०० मिलिग्रॅमवर, मधल्या काळात आयसोनियाझिड नसताना, पातळी १४ होती. २०० वर, आयसोनियाझिड असताना, १९. कमी गोळीवर जास्त पातळी. गोळी तीच, कंपनी तीच. नवऱ्याने आकडे स्वतः वहीत उतरवून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे मेडिकलवाल्याशी मी उगाच भांडलो."

मुलाची तपासणीही केली, ती आईने धरलेल्या हट्टामुळे. तिला वाटत होतं, आपल्या अंगातली खोड त्याच्या अंगात गेली असेल. मी सांगितलं की मंदपणा ही खोड नाही, आणि मुलगा दुसरं कुठलं औषध घेत नाही, पण तिचा जीव राहीना. मुलगा आयसोनियाझिडवर होताच, त्यामुळे कॉफीचीही गरज नव्हती. गोळी घेतल्यानंतरच्या लघवीत आयसोनियाझिड किती आणि त्याचं अ‍ॅसिटिल रूप किती हे मोजलं. मुलगा जलद निघाला. आईची दोन्ही जनुकं मंद, म्हणजे तिच्याकडून त्याला एक मंद जनुक नक्की मिळालं. वडिलांकडून चपळ मिळालं आणि तेच पुरलं. एका घरात, एकाच पट्टीतून, तीन माणसं रोज आयसोनियाझिड घेत होती, आणि निदान आई आणि मुलगा यांच्या रक्तात ती गोळी वेगवेगळा वेळ राहत होती.

लघवी पाहून शरीराची चाल ओळखणं आयसोनियाझिडपुरतं नाही. १९७५ साली लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ या औषधशास्त्रज्ञाने रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन सहकाऱ्यांबरोबर स्वतःवर करून पाहिलं. बाकीचे ठीक राहिले, त्याचा रक्तदाब इतका कोसळला की त्याला उभंच राहता येईना. त्याच्या लघवीत औषध जवळजवळ जसंच्या तसं उतरलेलं होतं. त्यातूनच आज आपण सीवायपी २डी६ म्हणतो त्या विकराचा भेद सापडला, ज्याच्यामुळे कोडीन कोणाला लागतच नाही आणि कोणाला जरुरीपेक्षा जास्त लागतं. आणि मला सगळ्यात भावतं ते पॅरासिटामॉलचं काम, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यात औषध देण्याच्या आधीची लघवी पाहिली. आतड्यातल्या जिवाणूंपासून पॅरा-क्रेसॉल बनतं, शरीर त्याला सल्फेट लावून बाहेर टाकतं. पॅरासिटामॉललाही तोच सल्फेट हवा असतो. ज्यांच्या लघवीत आधीच पॅरा-क्रेसॉल सल्फेट जास्त, त्यांचं पॅरासिटामॉल सल्फेटच्या वाटेने कमी गेलं. गोळी पोटात जायच्या आधी लघवीने सांगून ठेवलं होतं, ती कुठल्या वाटेने जाणार. आणि ते जनुकांत लिहिलेलंही नव्हतं, ते आतड्यातल्या जिवाणूंमुळे होतं. जनुकांची तपासणी कितीही स्वस्त झाली तरी लघवीचं महत्त्व संपत नाही असं मी म्हणते ते यासाठी. जनुक सांगतं विकर कसं घडलं आहे, लघवी सांगते ते आज काम कसं करतंय.

प्रत्येक घरातल्या प्रत्येकाला गोळीआधी कॉफी पाजा, असं माझं म्हणणं नाही. ते होणार नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही नाही. रोजच्या डोसला मंद आणि जलद दोघंही चालतात, मंदांना बी-६ ने हातापायांच्या मुंग्यांपासून बरंच संरक्षण मिळतं. पण ज्याच्या अंगात आधीच फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन हे फिटचं दुसरं औषध आहे, त्याची लघवी आयसोनियाझिडच्या पहिल्या गोळीआधी पाहिली जावी असं मला आग्रहाने सांगायचं आहे. तेवढ्याने चोवीस दिवसांची ती घसरण आणि पाठीच्या मणक्यापर्यंत येऊन थांबलेली सुई टळली असती. त्यासाठी आधी कळायला हवं की फेनिटॉइन आहे. ते बाहेरच्या खोलीत, सासूबाईंसमोर, कधीच कळलं नसतं. आमच्या भागातल्या आरोग्यसेविकांशी मी बोलले. त्या आता वजन करायच्या निमित्ताने बाईला आतल्या खोलीत नेतात आणि तिथे विचारतात, "फिटची, झोपेची, साखरेची, कुठलीही गोळी?" फिटचं नाव आधी घेतात.

कोर्स संपायची वेळ जवळ आली तशी मला जास्त काळजी लागली. आयसोनियाझिड थांबलं की विकरं मोकळी होणार, कमी केलेलं फेनिटॉइन आता कमी पडणार, आणि झटका येणार तो नेमका सगळं संपलं म्हणून सगळे निर्धास्त झाल्यावर. शेवटच्या गोळीनंतर तिसऱ्या दिवसापासून २५०, आठवड्याने पातळी पाहून ३००, असं ठरलं. मी कागदावर लिहून दिलं. तिने कागद परत केला. घरात असला कागद ठेवायला जागा नाही म्हणाली.

त्या आठवड्यात सासूबाईंच्या तपासणीच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं होतं. एका मंगळवारी लाल पेनाने लिहिलं होतं, "२५० काजं". त्याच्या पुढच्या मंगळवारी, "३०० काजं". सासूबाई म्हणाल्या, "मोठी ऑर्डर आलीय हिला, डॉक्टरसाहेब." ती गॅसपाशी उभी होती, वळली नाही.

दुसऱ्या मंगळवारची पातळी ११ आली. त्याच रात्रीपासून ३००. तीन आठवड्यांनी १४.